आपल्याविषयी किती सांगावे?

पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकण हे गाव आमच्या वडीलधाऱ्या मंडळींस कांद्याच्या बाजाराकरिता ठाऊक होते. गाडी भरून माल न्यावा, अडत्याकडे तो उतरवावा, भाव ऐकून कधी हसत तर कधी कपाळाला हात लावीत घरी परतावे, असा क्रम पिढ्यानुपिढ्या चालला. तो बाजार आजही भरतो. परंतु गेल्या सुमारे तीस वर्षांत त्याच गावाभोवती निराळेच जग उभे राहिले आहे. १९९९ साली तेथे बजाजचा दुचाकी गाड्यांचा कारखाना सुरू झाला. २००९ साली जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीचा मोटारींचा कारखाना आला. आणि महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी ह्या गावांच्या शिवारांत जेथे पिके डोलत असत तेथे आज पत्र्याची उंच छपरे दिसतात. कारखान्यांच्या मागोमाग दुकाने, खानावळी, औषधालये, पेट्रोल पंप व मालाची गोदामे आली. ह्यांपैकी पुष्कळांस दिवसभराचा नोकर नको असतो. संध्याकाळचे चार तास किंवा रविवारचा एक दिवस काम करणारा माणूस हवा असतो. म्हणून आमच्या खेड्यांतील शिकणारी मुले व मुली शिक्षण न सोडता चार पैसे मिळवावयास तिकडे जाऊ लागली आहेत. हे चांगले आहे. परंतु ह्या वाटेवर पहिल्याच पावलाला एक दार लागते, आणि त्या दारापाशी पुष्कळांचा धीर सुटतो. ते दार म्हणजे मुलाखत होय.

वाचकांनी असा एक मुलगा डोळ्यांपुढे आणावा. वय सतरा, बारावीच्या वर्गात शिकतो, बाप दुसऱ्याच्या शेतात मजुरी करतो. चाकणातील एका किराणा दुकानात संध्याकाळी चार ते आठ काम आहे, उद्या सकाळी येऊन भेट, असा निरोप त्याला आला आहे. आईने सदरा धुऊन वाळत घातला आहे. रात्री जेवताना मुलगा विचारतो, "त्यांनी माझ्याविषयी विचारले तर काय सांगू?" शेजारचा तरुण, ज्याने चार ठिकाणी नोकऱ्या केल्या आहेत, तो म्हणतो, "सहा महिने दुकानात होतो असे ठोकून दे. कोण चौकशी करतो? आणि दुकान कशाला? थोरल्या भावाचे आधार कार्ड घेऊन प्रेसच्या कारखान्यात ये. तेथे पैसे जास्त आहेत." बाप म्हणतो, "आपण गरीब माणसे. जास्त बोलू नको. साहेब म्हणेल त्याला हो म्हण." आई काहीच म्हणत नाही, परंतु ह्या दोहोंपैकी एकही सल्ला तिच्या मनास पटलेला नाही, हे तिच्या तोंडावरून दिसते.

आम्हांस वाटते की त्या माउलीचे मन योग्य जागी अडले आहे. एक सल्ला जे नाही ते सांगावयास लावतो, दुसरा जे आहे तेही दडवावयास लावतो. मग मनुष्याने परक्यापुढे आपल्याविषयी किती सांगावे? काय सांगणे कर्तव्य आहे, काय न सांगण्याचा हक्क आहे, आणि सांगणे कोठे खोटेपणात जाते? हा प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु मुलगा पहिल्या दाराशी जे शिकतो तेच तो पुढच्या प्रत्येक दाराशी करतो.

प्रथम शेजाऱ्याचा सल्ला पाहू. त्याची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. तो म्हणेल, "मालक तरी कोठे सारे खरे सांगतो? चार तास म्हणतो आणि सहा तास राबवितो. पुढे कायम करू म्हणतो आणि हंगाम सरला की घरी पाठवितो. अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही, अशा कोंडीत गरिबाने आणखी काय करावे?" ही तक्रार खरी आहे, आणि जे तिला हसण्यावारी नेतात त्यांनी अशी कोंडी कधी अनुभवलेली नाही. तथापि तक्रार खरी असली म्हणजे तीवरचा उपाय बरा ठरतो असे नाही. सहा महिन्यांच्या थापेचे काय होते ते पाहा. दुकानदार पहिल्याच दिवशी म्हणतो, "तुला माहीत आहेच, गल्ला मिळवून टाक." मुलास माहीत नाही, आणि आता विचारताही येत नाही, कारण विचारले तर थाप उघडी पडते. ज्याने "मी नवखा आहे" असे सांगितले त्याला विचारण्याचा हक्क राहतो. ज्याने थाप मारली त्याने शिकण्याचे दार आपल्या हाताने लावून घेतले. शिवाय ह्या थापेचा खरा भुर्दंड मालकास पडत नाही. तो दुसरा नोकर पाहील. भुर्दंड पडतो तो पुढच्या आठवड्यात त्याच दुकानी येणाऱ्या दुसऱ्या गरीब मुलास. तो खरे सांगेल, आणि एकदा फसलेला दुकानदार त्याच्या खऱ्यावरही विश्वास ठेवणार नाही. गरिबाची पत ही गावच्या विहिरीसारखी आहे. एकाने घाण केली तर पाणी साऱ्यांचेच जाते.

आणि प्रेसच्या कारखान्याविषयी तर अधिक स्पष्ट बोलणे भाग आहे. मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात पत्रा कापणाऱ्या व दाबणाऱ्या यंत्राखाली कामगारांची बोटे जाण्याचे अपघात आपल्या देशात वारंवार घडत आले आहेत. त्या यंत्रास कोणाचा अनुभव खरा व कोणाचा खोटा हे कळत नाही. ते सर्वांवर सारखेच उतरते. अठरा वर्षांखालील मुलास धोक्याच्या कामावर ठेवणे १९८६ च्या बाल व किशोरवयीन कामगारांविषयीच्या कायद्याने, २०१६ साली त्यात झालेल्या दुरुस्तीपासून, मना आहे. हा कायदा मुलाच्या आड येण्याकरिता केलेला नसून त्याचे हात शाबूत राहावेत म्हणून केलेला आहे. भावाच्या कागदावर जो आत जातो तो आपले नावच बाहेर ठेवून जातो. उद्या त्यास इजा झाली तर हजेरीपटावर नाव भावाचे, विमा भावाच्या नावाचा, आणि तुटलेला हात मात्र ह्याचा. मग भरपाई मागावी कोणी व कोणत्या तोंडाने? ज्या थापेने कोणाचे काही बिघडत नाही असे शेजारी म्हणतो, तिने जन्माचे बिघडू शकते.

आता बापाचा सल्ला घेऊ. हा सल्ला नम्रतेसारखा दिसतो म्हणून तो अधिक फसवा आहे. आमच्या खेड्यांतील मुलांचा मोठा दोष फुशारकी हा नव्हे. "पूर्वी काही काम केले आहेस काय?" असे विचारताच ते मान खाली घालून "नाही" म्हणतात, आणि ते "नाही" बहुधा खोटे असते. हा मुलगा तीन वर्षे रोज पहाटे डेअरीवर दूध घालतो, फॅट किती लागले ते पाहून वहीत टिपतो, आणि दहा दिवसांचे पैसे घरी आणून हिशेब मिळवून देतो. रात्री अकराला वीज आली तर तो एकटा जाऊन पाणी धरतो. बाजाराच्या दिवशी तो चुलत्याच्या भाजीपाल्यावर बसतो, वजन करतो, मोड परत देतो, आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाशी न चिडता बोलतो. किराणा दुकानात आणखी काय हवे असते? तसेच एखादी मुलगी आपल्या आईच्या बचत गटाची वही लिहिते. बारा बायकांचे पैसे तिच्या हातातून जातात आणि एका रुपयाचीही चूक होत नाही. तिला विचारले तर तीही म्हणेल, "मी काहीच करीत नाही." का? तर ज्या कामाचा पगार मिळाला नाही ते काम नव्हे, अशी समजूत आपण त्यांच्या मनात लहानपणापासून घातली आहे.

आमचे म्हणणे असे की आहे त्यापेक्षा अधिक सांगणे जसे खोटे, तसे आहे त्यापेक्षा कमी सांगणेही खोटेच. वजन करणाऱ्याने तराजू आपल्याकडे झुकविला तर आपण त्यास लबाड म्हणतो. समोरच्याकडे झुकविला तर त्यास उदार म्हणतो. परंतु दोन्ही वेळां तराजू बरोबर नव्हता. नम्रता म्हणजे स्वतःस तुच्छ लेखणे नव्हे. आपले नेमके वजन ठाऊक असणे, व ते आवाज न चढविता सांगता येणे, ही नम्रता होय.

येथे कोणी शंका काढील की मग मनुष्याने आपले सारेच उघडे करावे काय? घरचे कर्ज, बापाचा आजार, मागच्या वर्षी एका विषयात नापास झाल्याची गोष्ट, हेही सांगावे काय? आम्ही म्हणतो, नाही. न सांगणे व खोटे सांगणे ह्यांत भेद आहे. आणि तो ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. जी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे समोरच्याचे नुकसान होईल, ती त्याने न विचारताही सांगावी. जिच्याशी कामाचा संबंध नाही, ती सांगण्यास आपण बांधलेले नाही. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे व त्या दिवसांत येता येणार नाही, हे दुकानदारास आजच कळले पाहिजे. कारण तो आपल्या भरवशावर दुसऱ्यास नकार देणार आहे. शेवटची बस चुकली तर गावी परतता येत नाही, म्हणून आठाच्या पुढे थांबणे कठीण, हेही सांगितले पाहिजे. गाडी चालविण्याचा परवाना नसेल तर माल पोचविण्याचे काम "येते" म्हणून पत्करू नये. परंतु बापाचे कर्ज किती हा दुकानदाराचा विषय नव्हे.

आणि आणखी एक प्रश्न आमच्या मुलांस विचारला जातो, तो आमच्या वाचकांस सांगावयास नको. नाव सांगितले की आडनाव विचारतात; आडनाव सांगितले की "म्हणजे तुम्ही कोण?" असे विचारतात, आणि गावाचे नाव कळले की वस्ती कोणत्या बाजूची हेही विचारतात. कित्येकांनी भीतीने येथे भलतेच उत्तर दिले आहे, आणि मग महिनोन्‌महिने आपल्याच माणसांस रस्त्यात ओळख न देता राहिले आहेत. त्यांस दोष देणे आमच्या जिवावर येते. दोष विचारणाऱ्याचा आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास नोकरीत आडकाठी करणे हा नागरी हक्क संरक्षणाच्या १९५५ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. तथापि आमचा मुलास सल्ला असा की खोटे आडनाव सांगू नये. कारण ते एकदा सांगितले की रोज सांगावे लागते, आणि मग आई भेटावयास आली तरी छाती धडधडते. "साहेब, माझे नाव मी सांगितले, कामाविषयी जे विचारावयाचे ते विचारा," इतके शांतपणे म्हणता आले तर पुरे. हे म्हणणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच ते आदल्या रात्री आपल्याशी म्हणून पाहिले पाहिजे.

येथे आम्ही तयारीच्या गोष्टीशी आलो. पुष्कळांस वाटते, तयारी म्हणजे स्वतःवर रंग चढविणे. खऱ्या माणसास तयारीची गरज काय? आमचे मत उलट आहे. मनुष्य मुलाखतीत खोटे बोलतो तो बहुधा दुष्टपणाने नव्हे, तर घाबरून. प्रश्न अंगावर येतो, खरे उत्तर वेळेवर सापडत नाही, आणि जवळ पडलेली थाप हाताशी येते. म्हणून खरे उत्तर आधीच शोधून हाताशी ठेवणे हीच तयारी. रात्री कागद घ्यावा व त्यावर लिहावे: मी कोणकोणती कामे केली, किती दिवस केली, काय चुकले व त्यातून काय शिकलो, कोणत्या वारी व किती वाजेपर्यंत येऊ शकेन, कधी येऊ शकणार नाही. मग थोरल्या बहिणीस समोर बसवून तिला प्रश्न विचारावयास सांगावे, व उत्तर मोठ्याने द्यावे. लाज पहिल्यांदा घरीच मोडलेली बरी.

व्यवहाराच्या चार गोष्टीही सांगून ठेवतो. "कंपनी चाकणला आहे" असे लोक म्हणतात, परंतु ती महाळुंगेस असू शकते किंवा निघोजेसही. म्हणून पुरा पत्ता लिहून घ्यावा, व जमल्यास आदल्या दिवशी जाऊन जागा पाहून यावी. तळेगाव चौकात गाड्यांची कोंडी झाली म्हणजे अर्धा तास कोठे जातो ते कळत नाही. तेव्हा वेळेच्या तासभर आधी तेथे पोचण्याच्या बेताने घर सोडावे. कपडे उसने आणू नयेत. स्वच्छ धुतलेले आपलेच बरे. दाखल्यांच्या नकला न्याव्या, मूळ कागद दाखवावे, परंतु कोणाच्या ताब्यात देऊ नयेत. आणि शेवटी "तुला काही विचारावयाचे आहे काय?" असे म्हटल्यास "नाही" म्हणू नये. तास किती, पगार किती व कोणत्या तारखेस, काम दुकानदाराचे की मधल्या ठेकेदाराचे, हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या असून त्यांत प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देण्याची तरतूद आहे. तेव्हा ते पत्र मिळेल काय, हेही मर्यादेने विचारावे.

तयारीचा आणखी एक भाग आहे, आणि तो बहुधा कोणी शिकवीत नाही. तो म्हणजे "नाही" म्हणण्याची तयारी. नोकरी देण्याआधी जो पैसे मागतो, गणवेशाचे किंवा नाव नोंदविण्याचे म्हणून हजार रुपये भर म्हणतो, त्यास नाही म्हणून परत यावे. जो वय वाढवून लिही म्हणतो त्यासही नाही म्हणावे. ह्याच चाकणच्या भुईकोट किल्ल्याची गोष्ट आमच्या वाचकांनी ऐकली असेल. १६६० साली शाहिस्तेखानाच्या मोठ्या सैन्यापुढे फिरंगोजी नरसाळा ह्याने थोड्या शिबंदीनिशी तो किल्ला पन्नासहून अधिक दिवस लढविला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला व किल्ला सोडावा लागला. त्याचे शौर्य पाहून खानाने त्यास मोगलांची चाकरी देऊ केली. परंतु फिरंगोजीने ती नाकारली व तो शिवाजी महाराजांकडे परत गेला, आणि महाराजांनी त्याचा गौरव केला, असे इतिहासकार सांगतात. ह्या गोष्टीतील पराक्रम सर्वांस दिसतो; आम्हांस त्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. हरलेला, दमलेला मनुष्यही समोर आलेली चाकरी नाकारू शकतो. आणि किल्ला गेल्याचे वर्तमान घेऊन धन्यासमोर उभे राहण्यास लाजण्याचे कारण नाही, जर आपण आपले काम पुरे केले असेल. नापास झाल्याची किंवा पूर्वीचे काम सुटल्याची गोष्ट विचारलीच, तर ती अशीच सरळ सांगावी.

एक शब्द वडील माणसांस व उपदेशकांस. मुले तुमच्याकडे चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागावयास येतात, आणि तुम्ही "हा मुलगा अत्यंत हुशार, प्रामाणिक व कष्टाळू आहे" असे एकच वाक्य सर्वांस लिहून देता. ज्या दाखल्यात सर्व सारखेच त्यात कोणीच दिसत नाही. त्याऐवजी लिहा की हा मुलगा तीन वर्षे न चुकता पहाटे दूध घालतो, हे मी पाहिले आहे. हे वाक्य खरे आहे, आणि त्याचे वजन त्या मोठ्या विशेषणांहून अधिक पडेल. तसेच अर्धवेळ कामास हलके लेखू नका. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, व गोरगरिबांच्या मुलांनी हातांनी राबून आपले शिक्षण मिळवावे ही रीत तेथे रूढ केली. काम करून शिकणारा मुलगा दोन्हीकडे अर्धा असतो असे नाही; कित्येकदा तो दोन्हीकडे इतरांहून अधिक जागा असतो.

आता त्या मुलाकडे परत येऊ. तो उद्या जाईल, खरे तितके सांगेल, आणि कदाचित त्यास काम मिळणार नाही. हे आम्ही लपवीत नाही. खरे बोलणाऱ्यास दर वेळी काम मिळते असे म्हणणे हीच एक थाप होईल, आणि थापेविरुद्ध एवढे लिहून शेवटी आम्हीच ती मारावी हे बरे दिसणार नाही. शेजाऱ्यास मिळेल आणि ह्यास मिळणार नाही, असेही घडेल. आणि त्या संध्याकाळी घरातील सर्वांस वाईट वाटेल. परंतु तो घरी येईल तेव्हा, काय काय बोलून आलो हे त्यास आठवून ठेवावे लागणार नाही. दुसऱ्या दाराशी तोच मनुष्य, तेच नाव, तोच दुधाचा हिशेब घेऊन तो उभा राहील, व ह्या खेपेस त्याचा आवाज थोडा कमी कापेल. आणि ज्या दिवशी काम मिळेल त्या दिवशी ते त्याला मिळालेले असेल, त्याच्या भावाला किंवा त्याने रचलेल्या कोणा दुसऱ्याला नव्हे.

म्हणून, प्रिय वाचकहो, तुमच्या घरातून कोणी अशा कामास निघाले असेल तर त्यास रात्री जवळ बसवा, आणि "काय सांगशील?" असे विचारण्यापूर्वी "तू काय काय केले आहेस ते आठव" असे म्हणा. तुम्हीही त्याबरोबर आठवा. त्याने केलेले, परंतु आजवर कोणी मोजलेले नाही, असे पुष्कळ काम तुम्हांस सापडेल. आणि ते त्याच्या तोंडून ऐकण्याचा पहिला मान परक्या दुकानदाराआधी त्याच्या आईबापांस मिळावा, हे योग्यच आहे.